ठोका परतला, माणूस परतायचा आहे

हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला आयसीयूत आणलं की बाहेर बसलेल्या घरच्यांचा प्रश्न पहिल्या तासापासून एकच असतो: शुद्धीवर कधी येणार? ठोका परत आलेला असतो, मॉनिटरवर रेघ धावत असते, औषधांच्या जोरावर का होईना पण रक्तदाब टिकलेला असतो. डोळे मात्र मिटलेले. पहिल्या दिवशी या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे नसतं. तरीही उत्तर दिलं जातं. कधी ‘होतील बरे, काळजी करू नका’, कधी ‘फारशी आशा ठेवू नका’. त्या एका वाक्यावर घरातलं सोनं गहाण पडतं, किंवा रुग्णाला ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून घरी नेलं जातं.

हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट यांची आपल्याकडे कायम गल्लत होते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते; माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो, बोलतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं. अभिनेता श्रेयस तळपदे यांच्या बाबतीत १४ डिसेंबर २०२३ ला तेच झालं. मुंबईत चित्रीकरण आटोपून ते घरी आले, अस्वस्थ वाटू लागलं, पत्नी त्यांना गाडीतून रुग्णालयात नेत असताना वाटेतच कोसळले. आपलं हृदय सुमारे दहा मिनिटं बंद होतं, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. छातीवर दाब, विजेचा शॉक, मग अँजिओप्लास्टी. ४७ व्या वर्षी हे सगळं सोसून ते पुन्हा कामाला लागले.

अशा बातम्या वाचून दोन टोकांचे समज पक्के होतात. एक, ठोका परतला म्हणजे माणूस वाचला. दुसरा, हा चमत्कार, तो नशीबवानांच्याच वाट्याला. दोन्ही समजांमुळे रुग्णांचं नुकसान होतं, कारण खरी लढाई ठोका परतल्यानंतर सुरू होते आणि ती मेंदूची असते.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. साठा काहीच नाही. रक्त थांबल्यावर दहा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशी इजा पावू लागतात. सगळ्या पेशी सारख्या नसतात. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, नव्या आठवणी तिथे घडतात. तो या उपासमारीला सर्वांत आधी बळी पडतो. गंमत अशी नव्हे तर क्रूरता अशी, की रक्त परत आल्यावरही इजा थांबत नाही. कोरड्या ठणठणीत शेतात एकदम पाट सोडला की बांध फुटावेत, तसं अचानक परतलेलं रक्त पेशींच्या आत रासायनिक उलथापालथ घडवतं. सूज येते, ताप चढतो, झटके येतात, काही पेशी दोन-तीन दिवसांनी मरतात. म्हणून अरेस्टनंतरचा आयसीयू म्हणजे केवळ वाट पाहण्याची जागा नसते. पहिले काही दिवस तिथली प्रत्येक नर्स आणि प्रत्येक डॉक्टर मेंदू वाचवत असतात. रुग्णालयापर्यंत पोचूनही जे दगावतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मृत्यूचं कारण हृदय नसतं, मेंदूला झालेली इजा असते.

या मेंदूला वाचवायचं कसं, याचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास सांगण्याजोगा आहे. २००२ च्या फेब्रुवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. एक युरोपातला, दुसरा ऑस्ट्रेलियातला, अवघ्या ७७ रुग्णांचा. बेशुद्ध रुग्णाचं शरीर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं तर जास्त लोक शुद्धीवर येतात, असं दोन्हींत दिसलं. जगभरच्या आयसीयूंनी बर्फाच्या पिशव्या, थंड सलाईन, महागडी शीतयंत्रं आणली. मग २०१३ मध्ये स्वीडिश संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीत ३३ आणि ३६ अंशांत फरकच आढळला नाही. २०२१ मध्ये त्याच गटाने १४ देशांतले १८५० रुग्ण तपासले. निम्म्यांना ३३ अंशांपर्यंत थंड केलं, निम्म्यांचा फक्त ताप चढू दिला नाही. सहा महिन्यांनी थंड केलेल्यांपैकी ५० टक्के दगावले होते, दुसऱ्या गटातले ४८ टक्के. फरक नाहीच.

या निकालाने कित्येक डॉक्टर हिरमुसले. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी मात्र ती चांगली बातमी आहे. ताप ३७.८ च्या वर जाऊ न देणं, रक्तदाब पडू न देणं, ऑक्सिजन ना कमी ना फाजील ठेवणं, झटके ओळखणं, आणि धीर धरणं: यातल्या बहुतेक गोष्टी जिल्हा रुग्णालयातल्या नीट चालणाऱ्या आयसीयूलाही जमण्यासारख्या आहेत. त्यासाठी लाखोंचं यंत्र लागत नाही. पुरेशा नर्स लागतात.

धीर धरणं हा यातला सगळ्यांत अवघड भाग. युरोपातल्या पुनरुज्जीवन आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं: ठोका परतल्यापासून ७२ तास उलटण्याआधी, आणि झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्याशिवाय, मेंदूचं भवितव्य ठरवू नका, आणि ठरवताना एकाच चाचणीवर विसंबू नका. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, बुबुळाला स्पर्श झाल्यावर पापणी मिटते का, मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, काय सांगतो, मनगटाच्या नसेला दिलेला विजेचा हलका धक्का मेंदूपर्यंत पोचतो का, स्कॅनमध्ये सूज किती आहे, रक्तात मेंदूपेशींमधून पाझरणारी प्रथिनं किती: यांतल्या किमान दोन गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच वाईट निकालाची शक्यता बोलून दाखवावी. तेवढ्यानेही चित्र स्पष्ट झालं नाही तर आणखी थांबावं. मूत्रपिंडं मंदावलेली असतात तेव्हा झोपेची औषधं शरीरात दिवसेंदिवस रेंगाळतात. काही रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी, तर मोजके त्याहीनंतर डोळे उघडतात आणि पुढे चांगले सावरतात.

घाईची किंमत काय असते? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने हिशेब मांडला. ७२ तासांच्या आत ‘मेंदू गेला’ असं मानून उपचार थांबवल्यामुळे त्या देशात वर्षाला सुमारे २३०० मृत्यू होत असावेत, आणि त्यांतले जवळपास १५०० जण स्वतःचं स्वतः करण्याइतके सावरू शकले असते, असा संशोधकांचा अंदाज होता. डॉक्टर म्हणतो आशा नाही, म्हणून व्हेंटिलेटर काढला जातो, म्हणून रुग्ण जातो, आणि डॉक्टरचं म्हणणं खरं ठरल्यासारखं दिसतं. या चक्रात चूक कधीच उघडी पडत नाही.

आपल्याकडे हेच चक्र बहुतेक वेळा पैशाने फिरतं. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरात तिसऱ्या दिवशीचं बिल पाहूनच ७२ तासांचा प्रश्न निकालात निघतो. उलट ज्यांची ऐपत आहे, त्यांच्या मनात दुसराच संशय: ‘माणूस कधीच गेलाय, बिलासाठी व्हेंटिलेटरवर ठेवलाय.’ हा संशय निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरच्यांना रोज ठरलेल्या वेळी, बसवून, त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं जात नाही, तिथेच तो वाढतो. कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक किती जणांना सांगितला जातो? कोमात मेंदू जखमी असतो, पण जिवंत असतो आणि सावरू शकतो. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यूच. तो ठरवण्यासाठी १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या कराव्या लागतात. हे दोन मिनिटांत सांगता येतं. दोन मिनिटं दिली जात नाहीत.

या दोन्हींहून वेगळी, डोळे उघडतात पण भान परतत नाही अशी एक अवस्था महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं हृदय थांबलं नव्हतं. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या पाशवी हल्ल्यात गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा ऑक्सिजन तुटला होता; परिणाम त्याच जातीचा. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर केईएमच्या परिचारिकांनी जवळपास ४२ वर्षं त्यांची सेवा केली. त्यांच्याच नावाने चाललेल्या खटल्यात मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाची वाट प्रथम उघडली. २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: रुग्णालयाच्याच पातळीवर तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, आणि ‘आशा नसताना उपचार लांबवू नका’ असं आधीच लिहून ठेवण्याचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात असं पहिलं इच्छापत्र नोंदवलं. म्हणजे पुरेसा वेळ देऊन, सगळ्या तपासण्या करून, आशा खरोखरच उरली नाही असं ठरलं तर सन्मानाने थांबण्याचा कायदेशीर मार्ग आहे. असं असताना अर्ध्या रात्री हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत रुग्णाला गावी नेण्याची पाळी कुणावर येऊ नये. पण घाईने आशा सोडणं आणि निरर्थक यातना लांबवणं ही दोन्ही पापं टाळायची तर आधी नीट निदान हवं, आणि नीट निदानाला दिवस लागतात. ते दिवस घरच्यांना परवडतील अशी सोय करणं सरकारचं काम आहे.

आता जे शुद्धीवर येतात त्यांच्याकडे वळू. त्यांची संख्या आपण समजतो तितकी नगण्य राहायला हवी, असं अजिबात नाही.

डेन्मार्कचं उदाहरण घ्या. तिथे जून २००१ पासून रुग्णालयाबाहेर झालेल्या अरेस्टची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. शाळांमध्ये २००५ पासून सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देण्याचं प्रथमोपचाराचं शिक्षण, सक्तीचं झालं, २००६ पासून वाहन परवान्यासाठीही. आजूबाजूच्या लोकांनी छातीवर दाब देण्याचं प्रमाण २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, ते २०१० मध्ये ४५ टक्क्यांवर गेलं. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्के झालं. तिप्पट! आणि हे लोक अंथरुणाला खिळून राहिले म्हणावं तर तेही नाही. अरेस्टच्या आधी नोकरीत असलेले जे रुग्ण तीस दिवसांनंतर हयात होते, त्यांच्यातले ७६ टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा कामावर गेले. त्यातल्या निम्म्यांना त्यासाठी चार महिनेसुद्धा लागले नाहीत. फुटबॉलपटू ख्रिस्तियान एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला. सहकारी आणि डॉक्टर क्षणात धावले, एका शॉकमध्ये ठोका परतला, आणि आठ महिन्यांनी, शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरसह, तो इंग्लंडमध्ये पुन्हा खेळायला उतरला. त्याच्या देशात हे असं घडलं यात नवल नाही. तिथे शाळकरी मुलालाही ते शिकवलेलं असतं.

त्याआधी इंग्लंडमध्येच मार्च २०१२ मध्ये फॅब्रिस मुआम्बा या खेळाडूचं हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चाललं नव्हतं. सतत सीपीआर आणि पंधरा शॉकनंतर तो परतला, चालू-बोलू लागला. फुटबॉल मात्र त्याच ऑगस्टमध्ये सुटला. त्याच्यासारखे वाचणारे विरळाच. पण वाचलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य पूर्वीसारखंच असेल असं गृहीत धरू नये, एवढं त्याच्याकडे पाहून कळतं.

कारण घरी आलेला माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. चालतो, जेवतो, पाहुण्यांना ओळखतो. पंधरा दिवसांनी बायकोच्या लक्षात येतं की तो तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतोय. एटीएमचा पिन आठवत नाही. दुकानात गिऱ्हाईक वाढलं की गोंधळतो, दुपारी बारालाच गळून जातो, क्षुल्लक कारणावरून चिडतो, मग रडतो. स्वीडिश नेतृत्वाखालच्या २०१३ च्या त्याच चाचणीतून वाचलेल्यांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या स्मरणशक्तीत, एकाग्रतेत किंवा विचारांच्या वेगात उणीव आढळली. बहुतेकांची सौम्य होती, पण कामाच्या जागी अडथळा आणण्याइतकी खरी. सुमारे चोवीस टक्क्यांना चिंतेने, तेरा टक्क्यांना नैराश्याने घेरलं होतं. आपल्या घरांमध्ये यालाच ‘आता लाडावलेत’ किंवा ‘आजारपणाचं सोंग’ म्हटलं जातं. ते सोंग नसतं. हिप्पोकॅम्पसवरचा घाव असतो.

आणि जोडीदाराचं काय? अनेकदा त्यानेच किंवा तिनेच कोसळताना पाहिलेलं असतं, छाती दाबलेली असते, बरगडी मोडल्याचा आवाज ऐकलेला असतो. पुढचे कित्येक महिने ही माणसं रात्री उठून शेजारचा श्वास चालू आहे ना ते पाहतात. त्यांची फाईल कुठल्याच रुग्णालयात उघडत नाही.

डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतात, कोलेस्टेरॉलची गोळी असते, ‘१५ दिवसांनी हृदयरोग ओपीडी’ असतं. मेंदूबद्दल, थकव्याबद्दल, झोपेबद्दल, कामावर कधी जावं याबद्दल बहुधा एक ओळही नसते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने जीव वाचवण्याच्या साखळीत ‘सावरणं’ ही सहावी कडी २०२० मध्ये जोडली. युरोपच्या २०२१ च्या सूचनांत डिस्चार्जआधी एकदा आणि नंतर तीन महिन्यांच्या आत पुन्हा एकदा स्मृती, मनःस्थिती आणि थकव्याची तपासणी करावी, घरच्यांनाही बोलवावं, असं लिहिलं आहे.

हे करायला फार काही लागत नाही, हीच मनाला लागणारी गोष्ट आहे. नेदरलँड्समध्ये प्रशिक्षित परिचारिकांनी रुग्ण आणि जोडीदाराला डिस्चार्जनंतर लगेच भेटायला सुरुवात केली. गरजेनुसार एक ते सहा भेटी. एवढ्यानेच रुग्णांचं जगणं आणि मनःस्थिती सुधारल्याचं चाचणीत दिसलं. इंग्लंडमध्ये बॅसिल्डनच्या हृदयरोग केंद्राने केवळ अरेस्टमधून वाचलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळं क्लिनिक चालवलं, तिथे हृदयरोगतज्ज्ञासोबत मानसतज्ज्ञही बसतो. स्कँडिनेव्हियातल्या आयसीयूंत परिचारिका आणि नातेवाईक रुग्णाच्या उशाशी वही ठेवतात: आज काय झालं, कोण भेटून गेलं, डोळे कधी उघडले. हरवलेल्या दिवसांची ती नोंद नंतर रुग्णाच्या हाती पडते. फ्रान्समधल्या २०१९ च्या चाचणीत अशा वहीने मानसिक आघात कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. तरी आपल्या आयुष्यातला आठवडा कुठे गेला, हे विचारणाऱ्या माणसाला काहीतरी हातात देणं चुकीचं कसं म्हणता येईल?

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा सुरू आहे, ९३७ रुग्णवाहिकांपासून तिची सुरुवात झाली. सरकारी विमा योजनांतून गरिबांची अँजिओप्लास्टी होते, व्हेंटिलेटरचा खर्च निघतो. हे मोठं काम आहे, त्याची किंमत कमी लेखता येणार नाही. पण आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरचा खर्च पंधरा दिवसांपुरताच धरला जातो आणि ओपीडी त्यात नाही. अरेस्टनंतर मेंदू सावरायला महिने लागतात. पंधरा दिवसांत तर माणूस विसरतोय हेही घरच्यांच्या नीट लक्षात आलेलं नसतं.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी असावी. अरेस्टमधून वाचलेल्या प्रत्येक रुग्णासाठी विमा पॅकेजमध्येच तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची भेट धरावी, जोडीदारासह. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या भेटींसाठी एक परिचारिका आणि एक मानसतज्ज्ञ नेमावा. बेशुद्ध रुग्णासाठी पहिल्या पाच-सात दिवसांचा आयसीयू खर्च, कागदपत्रांवरून अडवणूक न करता, योजनेने उचलावा, म्हणजे बिलाच्या भीतीने निदानाआधीच माणूस घरी जाणार नाही. आणि प्रत्येक आयसीयूने वाचवलेल्यांना सहा महिन्यांनी एक फोन करावा: जिवंत आहात का, कामावर गेलात का, स्वतःचं स्वतः करता का? डेन्मार्कला आपले आकडे ठाऊक आहेत, कारण त्यांनी ते विचारले.

तोवर घरच्यांनी स्वतःच्या हातात असलेलं करावं. पहिल्या तीन दिवसांत कुणी ठाम भविष्य सांगितलं तर विचारावं: झोपेची औषधं कधी बंद केली, कुठल्या चाचण्या झाल्या, कुठल्या राहिल्या? रोज एकाच डॉक्टरशी, एकाच ठरलेल्या वेळी बोलण्याचा आग्रह धरावा. आणि डिस्चार्जच्या दिवशी, औषधांची चिठ्ठी घेताना, तीन महिन्यांनंतरच्या मेंदूच्या तपासणीची तारीख त्याच कागदावर लिहून मागावी.